गोजरबाई इथं राहत नाही

आमच्याकडं लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. का, असं विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, म्हणून मी कधी विचारलं नाही. पण आमची तनुजा शारजाला, तिचं बीपी वर गेलेलं, आणि तिथली डॉक्टरीण म्हणाली की आता विमानात पाय ठेवायचा नाही. जावयाची आई खुब्याचं हाड मोडून जालन्याला पलंगावर पडलेली. म्हणजे लेकीनं माहेरी यायचं नाही आणि सासरचं कुणी जायचं नाही. तर मग माहेरानंच उठून शारजाला जायचं, असं ठरलं.

माहेर म्हणजे मी आणि माझी बायको. पासपोर्ट दोघांकडंही नव्हता. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून हयात काढली. माझ्या सहीशिवाय तिथून एक नटसुद्धा बाहेर गेला नाही, आणि मीही कुठं गेलो नाही. निवृत्त झाल्यावर जगाची उत्सुकता राहिली नव्हती. जग टीव्हीवर रोज दिसतं, आणि दिसतं तेवढं पुरे आहे.

पण बायकोला जायचं होतं. ती भांडी घासता घासता बोलली, माझ्याकडं न बघता.

"पोरीचं पयलं बाळंतपण हाय. मी नाय गेले तर ती जन्मभर बोलंल. आन् ती नाय बोलली तर मीच मला बोलन."

यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी फाईल काढली.

पासपोर्ट काढायचा आहे ही गोष्ट गुप्त ठेवायला हवी होती. ती गल्लीत फुटली आणि ज्यांनी आयुष्यात चाळीसगावचा घाट ओलांडला नाही, ते लोक मला विमानतळाचे नियम सांगायला लागले. आपल्या देशात रस्ता कुणालाच माहीत नसतो, तरी विचारलं की प्रत्येक जण हात करून दाखवतो. एकानं सांगितलं, मिशी काढा, मिशीवाल्यांना बाजूला घेतात. दुसऱ्यानं सांगितलं, पोलीस चौकशीला आला की आधी चहा, मग बिस्किट, उलटं केलं तर अपशकुन. या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी बद्रीनाथ. त्यांचं खताचं दुकान. विक्रीचं टार्गेट गाठलं म्हणून खताच्या कंपनीनं त्यांना एकदा बँकॉकला नेऊन आणलं. त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य 'बाहेर असं नसतं' असं सुरू होतं. बाहेर म्हणजे बँकॉक. तेही हॉटेलच्या लॉबीतून पाहिलेलं.

"काकासाहेब, फोटोत हसू नका बरं. हसला का रिजेक्ट."

"मी कधी हसलोय का?"

"तेच म्हणतो ना यार. तुमचं काम फटकन होऊन जाईल."

आणि खरंच झालं. माझं झालं.

पासपोर्टच्या ऑफिसात मी स्टोअरच्या शिस्तीनं फाईल लावून गेलो. पिवळी चिठ्ठी जन्माची, हिरवी पत्त्याची, गुलाबी ओळखीची. काउंटरवर मोनिका नावाच्या मॅडम होत्या. तनुजाच्याच वयाच्या असतील. माझी फाईल त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "छान लावलीय हो." निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं नारळ दिला होता. या वाक्याला नारळापेक्षा वजन होतं. मी छाती काढून बाजूला झालो आणि बायकोला पुढं केलं.

मॅडमनी पानं उलटली. परत उलटली.

"सर, यात रूपाली कोण?"

"ही."

"आणि गोजरबाई?"

"हीच."

मॅडमनी आधी बायकोकडं पाहिलं, मग फोटोकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ.

"लग्नात नाव बदललं, मॅडम. आमच्यात पद्धत आहे."

"पद्धत माझ्या घरीपण आहे, सर. कागद कुठंय?"

आता कागद कुठून आणायचा? ही पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्न लागतं, नवरी सासरी येते. ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्यानं त्यात अंगठीनं तिचं नवीन नाव लिहायचं. तिला आईबापानं आधी एक नाव दिलेलं असतं, ती त्या नावाला ओ देत मोठी झालेली असते, हे सगळं त्या ताटाच्या काठाबाहेर. बायको सोयगावकडची. बापाचं नाव सांडू, पोरीचं गोजरबाई. माझी आत्या भागूबाई हिला ते नाव पसंत नव्हतं. गुलमंडीत लग्नाचा बस्ता बांधला, तेव्हा कापडाच्या दुकानाशेजारी बांगड्यांचं दुकान होतं. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, रूपाली. आत्या म्हणाली, हे बेस. मी तांदळात तेच लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी ते तांदूळ डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी त्याची खिचडी झाली. नावाचा एकमेव पुरावा होता, तो आम्ही पापडाबरोबर खाल्ला.

पुढं जे कागद शाळेच्या दाखल्यावरून निघाले त्यावर ती गोजरबाई राहिली : पॅन, बँक. जे सासरच्या पत्त्यावरून निघाले त्यावर रूपाली झाली : रेशनकार्ड, आधार. एवढी वर्षं माझ्या घरात सरकारच्या हिशोबानं दोन अर्ध्या बायका राहत होत्या, आणि मला एकही पूर्ण दिसली नव्हती.

मी हुशारी केली. स्टोअरकीपर माणूस, तोडगा काढल्याशिवाय काउंटर सोडत नाही.

"मॅडम, आपल्या शहराचं नाव बदललं. माझ्या निम्म्या कागदांवर जुनं आहे, निम्म्यांवर नवं. ते तुम्ही चालवून घेतलं की!"

"सर, शहराचं गॅझेट झालंय. मॅडमचं झालंय का?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं. खरं सांगतो, त्या हसण्याचा राग आला आणि वाक्याचाही आला, कारण दोन्ही बरोबर होतं. शहराला विचारून नाव बदललं का, यावर या गावात टपरीटपरीवर गळे फाटले. गळे फाडणाऱ्या सगळ्यांच्या घरात एकेक बाई अशीच ताटात बदलून आणलेली. तिला विचारलं का, यावर कुणी अर्धा कप चहासुद्धा सांडला नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगतो. मला कुणाची भीती नाही.

"एका नावावर या," मॅडम म्हणाल्या. "कुठलंही चालेल. आमचा कशालाच आग्रह नाही."

बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावता लावता मी ठरवून टाकलं. "रूपालीचं गॅझेट करू. सगळे त्याच नावानं ओळखतात."

"गोजरबाईचं करा."

"अगं, लोक हसतील."

"कोण? शारजातले?"

"गल्लीतले."

"गोजर माझ्या बापानं ठेवलं. बांगड्याच्या दुकानानं नाय."

"पण आता एवढ्या वर्षांनी—"

"तुम्ही मला कोणत्या नावानं हाक मारता?"

मी आठवून पाहिलं. रूपाली म्हणून मारलेली नव्हती. गोजर म्हणून तर नाहीच.

"'अगं'चं गॅझेट होत असंल तर ते करा," ती म्हणाली आणि मागं बसली.

कोर्टासमोर झाडाखाली टायपिंगवाले बसतात. त्यातल्या एकाकडं प्रतिज्ञापत्र करायला गेलो. त्यानं दोन ओळी टाइप केल्या आणि थांबला.

"काका, उलटं सांगितलं काय? गोजरबाईची रूपाली करतेत. रूपालीची गोजरबाई आजवर कुणी केली नाय."

"तू टाइप कर."

"करतो ना. आपल्याला काय. पण हे म्हंजे पक्क्या घराचं कच्चं करायला निघाल्यासारखं झालं."

बायकोनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पुढचं सगळं एकही चूक न करता टाइप केलं.

मग गॅझेट, मग आधारची रांग. आधारच्या मशीनला तिचे अंगठे उमटेनात. अख्खं आयुष्य राखेनं आणि मग पावडरीनं भांडी घासलेल्या बाईला सरकार म्हणतं, ठसा दे. तिथल्या पोरीनं स्पंज ओला केला, बोट दाबलं, परत दाबलं. शेवटी करंगळी उमटली. सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात लाईट गेली. हे मी विनोदासाठी लिहीत नाही. लाईट गेली, कारण ती इथं जाते.

या काळात मी एक अट घातली होती आणि ती इथं सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. गॅझेटची गोष्ट गल्लीत कुणाला सांगायची नाही. लोक काय म्हणतील? काकासाहेब दांडग्यांच्या घरात नातवंड यायची वेळ आणि बायकोचं नाव बदलतायत. बायको म्हणाली, "बरं." तिनं बरं म्हटलं की मला नेहमी वाटतं, मी जिंकलो.

माझा पासपोर्ट आला. पोस्टमननं सही घेतली, बद्रीनाथांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि कोरी पानं बघून म्हणाले, "अजून कच्चा आहे." बायकोनं हात पदराला पुसून माझा फोटो पाहिला, पासपोर्ट कपाटात ठेवला आणि कणीक मळायला गेली. तिच्याही फाईलला मॅडमनी शिक्का मारला होता. राहिली होती फक्त पोलीस चौकशी.

पोलीस आला त्या दिवशी आम्ही गुलमंडीत बॅग घ्यायला गेलो होतो. त्यानं फोन केला. पण गुलमंडीत दुपारी फोनचा आवाज ऐकू आला तर ती गुलमंडी कसली. त्यानं घराला कुलूप पाहिलं आणि कायद्यानं वागला. शेजाऱ्याला विचारलं.

आम्ही परत आलो तेव्हा बद्रीनाथ फाटकात उभे होते. चेहऱ्यावर उपकार.

"काकासाहेब, आज तुम्हाला वाचवलं मी."

"कशातून?"

"इकडं या. वहिनी, तुम्ही व्हा पुढं, बॅग जड असंल." बायको आत गेली. बद्रीनाथांनी आवाज खाली केला. "पोलीस आला होता. म्हणे, गोजरबाई दांडगे इथंच राहते का? मी म्हणलं, साहेब, मी या घराला भिंत लावून राहतो. असली कोणतीबी बाई इथं राहत नाही. पहले नव्हती, आता नाही. माणूस एकदम शरीफ आहे."

"मग?"

"मग काय, त्यानं लिहून घेतलं, मी सही ठोकली. बिनधास्त राहा. पण काकासाहेब, एक दोस्त म्हणून सांगतो. जे काय असंल ते मिटवून टाका यार. वय झालं आता."

मी त्यांना खरं सांगितलं का? नाही. गोजरबाई माझी बायको आहे हे सांगायचं तर गॅझेट सांगावं लागणार, न सांगावं तर गोजरबाई कुणीतरी वेगळी ठरणार. मी "हं" म्हणालो. मराठी माणसानं 'हं' म्हटलं की त्याचा अर्थ ऐकणारा आपल्या सोयीनं घेतो. बद्रीनाथांनी घेतला. संध्याकाळपर्यंत गल्लीनं घेतला. दूधवाला माझ्याकडं पाहून पहिल्यांदाच आदरानं हसला.

दिवेलागणीला बद्रीनाथांच्या मिसेस रत्नमाला वाटीभर शेवयांची खीर घेऊन आल्या. एरवी त्या वाटी परत न्यायला येतात. मी आतल्या खोलीत होतो आणि भिंती पातळ आहेत.

"वहिनी, धीर धरा. पुरुषाचं या वयात होतं असं."

"कसं?"

"आता मी काय सांगू. पोलीस त्या गोजरबाईला विचारत आला होता, अख्ख्या गल्लीला माहीत झालंय."

वाटीत चमचा वाजला. मग बायको म्हणाली, "कशी हाय म्हणे दिसायला?"

"कोण?"

"ती. गोजरबाई."

"मी कुठं पाहिली! पण नावावरून खेड्यातली वाटते बघा."

"व्हय. बापाची लई लाडकी असंल."

"तुम्ही पण ना वहिनी! तिची कसली बाजू घेता!"

"मग कुणी घ्यायची तिची बाजू?" बायको म्हणाली. "खीर बेस झाली. साखर जरा कमी."

रत्नमाला गेल्या. मी बाहेर आलो, तर ती भिंतीला टेकून पदर तोंडावर धरून हसत होती. हसता हसता ते हसू कुठंतरी मोडलं आणि ती तशीच, त्याच पदरात रडायला लागली. "ही पोलिसाची गोष्ट खरी हाय का?" मी होकाराची मान हलवली. "म्हंजे आता मी राहते कुठं, ते सांगा."

मी पोलीस चौकीत गेलो. शिवराज नावाचा तरुण हवालदार. भला माणूस. त्यानं खुर्ची दिली आणि भल्या माणसाजवळ असतं तेवढंच दिलं, म्हणजे सहानुभूती.

"काका, मी दारात उभा होतो. कुलूप. फोन लावला, उचलला नाही. शेजारी सही करून सांगतोय का बाई इथं नाही. मी काय लिहू?"

"अहो, ती इथंच आहे. माझी बायको आहे ती."

"असंल ना. पण ते आता फाईल वर गेली. वरून खाली आली की मी परत येतो. तवा मात्र घरी राहा, आणि शेजाऱ्याला बाहेरगावी पाठवा."

"वर म्हणजे किती वर?"

"काका, ते मला कळलं असतं तर मीच वर नसतो का?"

त्याच आठवड्यात जावई सुयशचा फोन आला. बीपी उतरत नाही, डॉक्टर वाट बघायला तयार नाहीत, बाळ आधीच काढतील. त्याला रजा नाही, शिफ्ट आहे. तनुजा फोनवर आली आणि म्हणाली, "आई, तू कधी येतेस?" बायकोनं फोन माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला लावलं. मी हवापाणी विचारलं. शारजाचं हवापाणी!

फोन ठेवल्यावर बायको खिडकीशी गेली. मग वळली.

"तुम्ही जा."

"मी? बाळंतपणाला?"

"मग कोण? रूपालीचा पासपोर्ट निघत नाय, गोजरबाई इथं राहत नाय. कपाटात पासपोर्ट कुणाचा हाय?"

"अगं, लोक काय—"

"लोकांनी तुम्हाला दुसरी बायको दिली, तुम्ही ती घेतली. आता बाळंतपण घेतलं तर काय बिघडलं?"

मग माझं शिक्षण सुरू झालं. कारखान्यात मी जर्मन मशीनचे सुटे भाग तोंडपाठ केले होते, पण बाळंतिणीची मेथी, बाळाची धुरी आणि टाळूचं तेल यापुढं ते मशीन म्हणजे खेळणं. सगळ्यात अवघड धडा अंघोळीचा. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. पाय लांब करून जमिनीवर बसायचं, बाळ नडगीवर पालथं, मग उताणं. माझा उजवा गुडघा वाकत नाही आणि डावा वाकला की सरळ होत नाही.

"बाळ कुठून आणायचं?" मी विचारलं.

तिनं ओट्याखालून वरवंटा काढला. मिक्सर आल्यापासून आमचा वरवंटा फक्त बारशाला बाहेर निघतो, पाळण्याखालून इकडून तिकडं द्यायला. तिनं तो जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळला आणि माझ्या नडग्यांवर ठेवला. काळा, गोल, थंडगार.

"मान धरा."

"मान कोणती?"

"पल्याडची बाजू मान, अल्याडची पाय. तिकडनं तांब्या धरा. हळू! डोळ्यात पाणी गेलं ना त्याच्या!"

नेमकं तेव्हा, दार उघडं होतं म्हणून, बद्रीनाथ आत आले. त्यांनी पाहिलं ते असं : निवृत्त स्टोअरकीपर काकासाहेब दांडगे न्हाणीत धोतर वर करून बसलेत, पायांवर वरवंटा, आणि त्याला बेसन लावतायत.

"काकासाहेब, हे काय?"

माझा हात निसटला. वरवंटा माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

"पोर पडलं!" बायको ओरडली. माझा अंगठा काळानिळा झाला होता, पण तिनं आधी वरवंटा उचलला.

अंगठ्याला हळद लावत तिनं त्या दिवशी बद्रीनाथांना सगळं सांगितलं. तांदळापासून गॅझेटपर्यंत. माझी अट तिनं मोडली आणि मला बरं वाटलं. बद्रीनाथ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरत उतरत हनुवटीवर आला.

"म्हंजे वहिनी, गोजरबाई तुम्हीच? आणि मी सही करून…"

"व्हय भावजी. तुम्ही मला घराबाहेर काढलं."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ स्वतः चौकीत जाऊन आले. शिवराजनं त्यांचाही जबाब घेतला आणि तोही वर पाठवला. आता वर दोन कागद होते. एकात गोजरबाई होती, एकात नव्हती.

पश्चात्ताप झालेले बद्रीनाथ जास्त धोकादायक निघाले. ते रोज मदतीला यायला लागले. डिंकाचे लाडू वळून झाले होते, डबे भरले होते, तेव्हा त्यांनी एक लाडू फोडला, वास घेतला, आणि डोळे मोठे केले.

"वहिनी, यात खसखस आहे का?"

"बाळंतिणीचा लाडू हाय. खसखस नाय तर काय वाळू घालायची?"

"मेले! तिकडं खसखस म्हंजे अफू. डबा उघडला का सरळ आत. बाहेर असं नसतं!"

मी चिडलो. आम्ही लाडू करतोय आणि हा माणूस आम्हाला अफूचे व्यापारी ठरवतोय. हट्टानं सुयशला फोन लावला. सुयश म्हणाला, "पप्पा, खसखस अजिबात नको. खरंच पकडतात." जन्मात एकदा बद्रीनाथांचा सल्ला बरोबर निघाला, आणि त्याचा मला पोलीस चौकशीपेक्षा जास्त त्रास झाला. बायकोनं रातोरात काही केलं नाही. ती सकाळी उठली, परत डिंक तळला, परत खारीक कुटली, खसखस सोडून सगळं घातलं. आधीचे लाडू गल्लीत वाटले. बाळ व्हायच्या आधीच गल्लीनं बाळंतिणीचे लाडू खाल्ले. सगळ्यात जास्त बद्रीनाथांनी. म्हणाले, पुरावा नष्ट केला पाहिजे.

चिकलठाण्याच्या विमानतळाच्या दारापर्यंत बायको आली. आत यायला तिकीट लागतं. सांगायचं ते सगळं आधीच झालं होतं. डब्याची दोरी एकदा ओढून पाहिली, माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि रिक्षात जाऊन बसली. मुंबईला पासपोर्ट तपासणाऱ्या काचेमागच्या साहेबानं विचारलं, कशासाठी चाललात? मी म्हणालो, "बाळंतपण करायला." त्यानं माझी मिशी पाहिली, वाकून चपलेबाहेर आलेला काळा अंगठा पाहिला, आणि शिक्का मारला. कदाचित त्यानं यापेक्षा वाईट कारणं ऐकली असतील.

मी पोचलो तेव्हा मुलगी झालेली होती. तनुजाला घरी आणलं होतं. तिनंच दार उघडलं, भिंतीला धरून. माझ्याकडं पाहिलं आणि मग माझ्या खांद्याच्या मागं पाहिलं. मागं लिफ्टचं दार बंद होत होतं. तिला सगळं माहीत होतं, तरी तिनं पाहिलं. मग म्हणाली, "या पप्पा."

पुढचे दिवस मी लिहीत नाही. मेथी करपली, शेगडीच्या धुरानं इमारतीचा भोंगा वाजला, खालचा मल्याळी वॉचमन जिने चढून आला. त्याला मी हातानं बाळंतपण समजावून सांगितलं. तनुजा हसली नाही. ती झोपतच नव्हती. बाळ रडलं की ती दचकून उठायची, बाळ गप्प झालं की श्वास चालू आहे का बघायला उठायची. माझा हात बाळाला लागला की तिचे डोळे माझ्या हातावर. मी तिच्या जागी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

नाळ पडली, आणि अंघोळीचा दिवस आला. सुयश ड्युटीवर. फोन मी बादलीला टेकवून ठेवला. पडद्यावर बायको, सकाळीच केस विंचरून, लुगडं बदलून बसलेली, जणू तीच पाहुणी निघाली होती. तनुजा बाथरूमच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून, हात पुढं करून बसली. मी पडलो तर झेलायला.

मी पाय लांब केले. ते एवढंसं, लाल, ओलं ओझं नडग्यांवर आलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की वरवंटा किती जड होता.

"कोपरानं पाणी बघा," फोन म्हणाला. "हां. आता पाठ. हळू नका चोळू, भेता काय? तिला कळतं भेलेला हात."

पोर ओरडली, मुठी आवळल्या, मग तिच्या मानेमागून कोमट पाणी गेलं आणि ती एकदम गप्प झाली. अशी गप्प की मीच घाबरलो. पाहिलं तर डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. मी तिला तसंच मऊ कापडात गुंडाळलं आणि पोटाशी घेतलं. वर पाहिलं तर उंबऱ्यावर तनुजाची मान भिंतीवर कलंडलेली. हात तसेच पुढं धरलेले. ती घोरत होती, बारीक.

"झालं," मी हळूच फोनला म्हणालो. "पण आता मला उठता येत नाही. गुडघा अडकला."

"तनू कुठंय?"

मी फोन जरासा वळवला. बायकोनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या मागं आमच्या घरात प्रेशर कुकर शिट्टी देत होता. ती उठली, तो बंद करून आली, परत पडद्यात बसली.

"झोपल्या ना दोघी?"

"झोपल्या."

"मग बसा तसंच," ती म्हणाली.

मी बसलो.